स्कॉटलंडच्या अ‍ॅरन बेटावर एका दिवसात बस आणि कोच (सहलीच्या मोठ्या बस) कुठे आणि कसे टिपायचे, म्हणजे छंद म्हणून पाहून वहीत नोंदवायचे?

ब्रॉडिक बंदराच्या धक्क्यावरच थांबा. बसस्थानक तिथेच आहे आणि स्टेजकोच या बसकंपनीच्या गाड्या फेरीबोटीच्या वेळेला जोडलेल्या असतात, त्यामुळे बोट लागली की तिन्ही मार्गांच्या बस एकत्र दिसू शकतात: ३२४ उत्तरेला लॉकरान्झाकडे, ३२३ दक्षिणेला व्हाइटिंग बेवरून, ३२२ स्ट्रिंग रोडने ब्लॅकवॉटरफुटला. सहलीचे कोच फेरीबोटीच्या पोटातूनच उतरतात, म्हणून रॅम्प दिसेल अशी जागा आधीच धरा. धक्का पूर्व किनाऱ्यावर आहे, फोटोसाठी सकाळचं ऊन सर्वात चांगलं.

वहीत आधी फ्लीट नंबर (कंपनीने गाडीला दिलेला स्वतःचा क्रमांक) लिहा, मग नंबरप्लेट. स्टेजकोचच्या पाच अंकी नंबरात पहिला अंक साधारणपणे १ असला तर डबलडेकर, ५ असला तर कोच. प्लेटवर ‘एसएन १९’ म्हणजे मार्च ते ऑगस्ट २०१९मधली नोंदणी. ‘६९’ म्हणजे सप्टेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२०. नवखे इथेच फसतात, ६९ला जुनी गाडी समजतात. उत्तर आयर्लंडच्या प्लेटवरून मात्र वय कळतच नाही, आणि काही कोचमालक मुद्दाम तीच लावतात.

रविवारी फेऱ्या कमी, वारा वाढला तर फेरीबोटच रद्द. परतीची शेवटची बोट गाठायचा बेत करू नका, तिच्या आधीची धरा.