ग्रॅमवरून थेट रेणूंवर उडी मारू नकोस

ग्रॅमवरून रेणूंची संख्या काढताना वाटेत मोलवर (डझनासारखं, पण रेणू मोजायचं एकक) थांबायचंच. ३६ ग्रॅम पाणी घे. पाण्याचा एक मोल म्हणजे १८ ग्रॅम, म्हणून ३६ भागिले १८, झाले २ मोल. आता त्याला ॲव्होगॅड्रो अंकाने, म्हणजे एका मोलमधल्या रेणूंच्या संख्येने गुण: ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. (२०१९ पासून हा अंक व्याख्येनेच पक्का केलाय.) गुणायचं की भागायचं कळेना, तर प्रत्येक आकड्यापुढे एकक लिही, ग्रॅमला ग्रॅम कटला पाहिजे. खरी गफलत मात्र पुढे होते, तिथे घाई करू नकोस: प्रश्नात रेणू विचारलेत की अणू? पाण्याच्या एका रेणूत ३ अणू, म्हणून अणू तिप्पट. ऑक्सिजन वायूच्या एका मोलला १६ ग्रॅम नाही, ३२ घ्यायचे, कारण त्याचे अणू जोडीने असतात.