डीडीआर३ आहे म्हणून कुठलीही रॅम चालत नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की घरचा पीसी जुना आहे, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, इंटेलचा दुसऱ्या जनरेशनचा आय३ प्रोसेसर, आत ४ जीबीची एकच रॅम, आणि दुकानदार म्हणतो की डीडीआर३ प्रकारची रॅम आहे ना, मग ८ जीबीची कुठलीही लावा. असं नाहीये हो. बसेल ती नीट, डेस्कटॉपच्या डीडीआर३ ला पिना २४० आणि खाच एकाच जागी, डीडीआर४ असती तर बसलीच नसती, पण बसली म्हणजे चालली असं होत नाही.

आमच्या रामबागेतल्या काकांनी अशीच स्वस्त मिळाली म्हणून ८ जीबी आणली. लावली तर पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, नुसतं बीप बीप. मी खोडरबराने सोनेरी पिना घासल्या, स्लॉट बदलला, बोर्डावरचा सेल काढून बायॉस (पीसी चालू होताना आधी चालणारा, बोर्डातला प्रोग्राम) रीसेट केलं, दीड तास त्यात गेला, मग मोबाइलचा टॉर्च धरून स्टिकर वाचला तर बारीक अक्षरात १आरएक्स४ (1Rx4). सगळी गोम तिथेच होती. बाजारात 'फक्त एएमडी', म्हणजे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच, म्हणून विकतात ती हीच रॅम. एक्स४ म्हणजे एकेक चिप ४ बिटची, आणि इंटेलच्या या डेस्कटॉप प्रोसेसरांना तशा चिपा चालत नाहीत, त्यांना ८ बिटवाल्या लागतात. दोन्ही रॅमवर चिपा १६च असतात त्यामुळे वरून बघून काही कळत नाही, स्टिकरच वाचावा लागतो.

तुम्हाला हवी ती २आरएक्स८ (2Rx8). पुढचा नंबर पीसी३-१०६०० किंवा १२८०० काहीही चालेल, १०६०० म्हणजे १३३३ चा वेग आणि १२८०० म्हणजे १६०० चा, पण तुमचा आय३ तिला १३३३ वरच चालवणार, म्हणून १६०० साठी जास्त पैसे देऊ नका. पण त्या पीसी३ नंबरच्या शेवटी यू (U) पाहिजे, आर (R) असेल तर ती सर्व्हरमधून काढलेली रॅम, कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बोर्डाची हद्द १६ जीबी, म्हणजे ४ आणि ८ मिळून १२ ला काही अडचण नाही, दोन्ही कंपन्या वेगळ्या असल्या तरी बहुतेक वेळा चालतात.

रॅम घ्यायला सिल्व्हर मॉलला जाल तेव्हा कॅबिनेट सोबत घेऊनच जा, जड होतं पण न्याच, समोर लावून घ्या आणि बायॉसमध्ये १२ जीबी दिसल्यावरच पैसे द्या. घरी आल्यावर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालू ठेवा, एक जरी एरर आली तरी दुसऱ्या दिवशी परत करायची.

आणि हो, हे दुकानात जायच्या आधीच बघा, तुमचं विंडोज ३२ बिटचं तर नाही ना? सिस्टममध्ये लिहिलेलं असतं. तसं असेल तर १२ जीबी लावूनही ते ४ च्या वर वापरणार नाही, आधी ६४ बिटचं टाकावं लागेल.