एमएस करून यावं की थेट अमेरिका?

तू विचारलंस, "दादा, एमबीबीएसनंतरचा उमरखेडचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी नोकरी, संपत आला. आपल्याकडे सर्जरीचं एमएस करून अमेरिकेत यावं, की थेट तिकडच्या रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलात राबून सर्जन होण्याच्या प्रशिक्षणाची, तयारी करावी?" मी एमएस करून आलो आणि इथं पुन्हा पहिल्या वर्षाचा पोरगा झालो. एमएसची तीन वर्षं इथल्या रेसिडेन्सीच्या पाचांतून सहसा वजा होत नाहीत. इथंच राहायचं पक्कं असेल तर एमएसच्या मागे लागू नकोस. मनात दहा टक्के जरी परत यायचं असेल, तर मात्र आधी एमएस कर.

आपल्याकडचं शिक्षण कसं असतं ते तू पाहतोच आहेस. थ्रेशरमध्ये हात गेलेला गडी, बैलाचं शिंग पोटात घुसलेला गुराखी, सकाळी रांगेनं हायड्रोसील. सिनियर म्हणणार, "कर बे, मी हावो ना मागं." आणि आपण करतो. इथं पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला वॉर्ड आणि पेजर. पित्ताशय दुर्बिणीनं काढताना मी नुसता कॅमेरा धरून उभा. संध्याकाळी एका डब्यात हात घालून, समोरच्या पडद्याकडे बघत, रबराचे बोटभर तुकडे एका खुंटीवरून दुसरीवर न्यायचे, तेही घड्याळ लावून. शंभरेक अपेंडिक्स काढलेला माणूस मी, लेका, रडकुंडीला आलो होतो! पण ही कसरत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या परीक्षेचा भाग, आणि ती पास झाल्याशिवाय बोर्डाला, म्हणजे सर्जनच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला, बसू देत नाहीत. पाच वर्षांत किमान 850 शस्त्रक्रिया नोंदवायच्या, त्यातल्या 200 शेवटच्या वर्षात. कामाचे तास आठवड्याला 80, चार आठवड्यांची सरासरी धरून.

आता माझी फसगत कुठं झाली ते ऐक. जागा दोन तऱ्हेच्या असतात: कॅटेगॉरिकल म्हणजे पाचही वर्षांची हमी, प्रिलिमिनरी म्हणजे एका वर्षाची. मला प्रिलिमिनरी मिळाली. "काम चांगलं केलंस तर ठेवून घेऊ," असं तोंडी आश्वासन होतं. जूनमध्ये दुसऱ्याला ठेवलं. ते वर्ष राबण्यात गेलं आणि पुन्हा मॅचच्या, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपाच्या, रांगेत उभा राहिलो. प्रिलिमिनरी घेऊच नको असं म्हणत नाही, पण तोंडी शब्दावर बाबांना वावर गहाण टाकायला लावू नकोस.

रेसिडेन्सीसाठी स्टेप 1 आणि स्टेप 2 अशा इथल्या परीक्षा द्याव्या लागतात. स्टेप 1 ला 2022 पासून नुसतं पास-नापास आहे, म्हणून सगळा भार स्टेप 2 च्या गुणांवर. इलेक्टिव्ह, म्हणजे इथल्या हॉस्पिटलात विद्यार्थी म्हणून काम, शिकत असतानाच मिळते, ती वेळ तुझी गेली. आता ऑब्झर्व्हरशिप (रुग्णाला हात न लावता नुसतं बघायचं) नाहीतर रिसर्च, आणि इथल्या सर्जनची शिफारसपत्रं. गावचं काम मात्र लपवू नकोस. पोट दुखणाऱ्या मुलीला अपेंडिक्स म्हणून टेबलावर घेण्याआधी सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यातही पोट दुखतं) तपासणी मी मागितली होती, ती गोष्ट मुलाखतीत सांगितली तर समोरचे दोघं खुर्चीत पुढे सरकले.

व्हिसा बहुधा जे-1 मिळेल. ट्रेनिंग संपलं की दोन वर्षं मायदेशी जायचं, नाहीतर डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करून सूट घ्यायची. अशा जागा दर राज्याला वर्षाला 30. मी त्यातल्याच एकीवर आहे. चहूकडे मका, सर्जन आम्ही दोघंच, आणि सुगीच्या दिवसांत इथंही यंत्रात हात गेलेले शेतकरी येतातच.

स्टेप 1 झालंय की नाही ते तू लिहिलंच नाहीस. ते कळव, मग पुढचं बोलू.