पाइपलाइन हिरवी, टेस्ट नापास : शेल स्क्रिप्टविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी ज्या वाचकांनी प्रश्न पाठवले, ते सर्व नाशिक परिसरातले आहेत. त्यांच्यापैकी कोणी बाजार समितीच्या कामकाजासाठी, कोणी द्राक्ष निर्यातदारांसाठी, तर कोणी सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण आहे. मॉड्यूलनिहाय टेस्ट जॉब (सॉफ्टवेअरच्या एकेका भागाची चाचणी चालवणारी कामे) शेल स्क्रिप्टने, म्हणजे एकामागून एक कमांड चालवणाऱ्या फाइलने, एकत्र गुंफले जातात, आणि त्या गुंफणीत प्रत्येक जॉबचा खरा निकाल वाटेत कुठेतरी हरवतो. टेस्ट चालवणाऱ्या स्क्रिप्टकडून मी सर्वांत आधी ही अपेक्षा करतो की तिने मिळालेला निकाल न बदलता सीआय सर्व्हरपर्यंत, म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेपर्यंत, पोहोचवावा. वेग, समांतरता आणि नीटनेटके लॉग या गोष्टी त्यानंतर येतात.

प्रश्न (गंगापूर रोड) : आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आवक, लिलाव, तोलाई आणि हिशोबपट्टी असे मॉड्यूल आहेत. प्रत्येक मॉड्यूलच्या टेस्टचे आउटपुट ‘टी’ कमांडला जोडून आम्ही ते पडद्यावर दाखवतो आणि लॉग फाइलमध्येही साठवतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ई’ (कमांड अपयशी ठरताच स्क्रिप्ट थांबवणारा पर्याय) लिहिलेले आहे. तरीही हिशोबपट्टीच्या टेस्ट नापास असताना पाइपलाइन (सीआयमधल्या जॉबची साखळी) हिरवी, म्हणजे यशस्वी, झाली आणि कोड मर्ज (मुख्य कोडमध्ये विलीन) झाला. हे कसे घडले?

उत्तर : प्रत्येक कमांड संपताना एक्झिट कोड देते : ० म्हणजे यश, इतर कोणताही आकडा म्हणजे अपयश. पाइपने (एकीचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीने) जोडलेल्या कमांडच्या साखळीचा एक्झिट कोड म्हणून शेल शेवटच्या कमांडचा कोड धरतो. तुमच्या साखळीत शेवटी ‘टी’ आहे, आणि लॉग फाइल लिहिता आली की तिचे काम यशस्वी ठरते. त्यामुळे टेस्टने दिलेला १ हा कोड मागे पडला आणि शेलला ० दिसला. तोलाईच्या काट्यावर पडलेले वजन जसेच्या तसे पट्टीवर उतरले नाही, तर पुढचा सगळा हिशोब बिनचूक करूनही उपयोग नसतो. एक्झिट कोडचेही तसेच आहे.

यावर उपाय म्हणजे ‘सेट -ओ पाइपफेल’. त्यामुळे साखळीतली कोणतीही कमांड अपयशी ठरली की संपूर्ण साखळी अपयशी मानली जाते. बॅशमध्ये ही सोय फार पूर्वीपासून आहे. युनिक्ससदृश प्रणालींच्या पॉझिक्स मानकात मात्र ती २०२४ च्या आवृत्तीत आली. त्यामुळे स्क्रिप्ट नक्की कोणता शेल चालवतो आहे, हे तपासणे आवश्यक ठरते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर ‘एसएच’ हा शेल म्हणजे डॅश असतो, अल्पाइन लिनक्सच्या प्रतिमेत (कंटेनरच्या तयार साच्यात) तो बिझीबॉक्सचा ॲश असतो, आणि डॅशच्या अनेक प्रचलित आवृत्त्यांना पाइपफेल ठाऊकच नाही. गिटहब ॲक्शन्स या सीआय सेवेच्या लिनक्स रनरवर (जॉब चालवणाऱ्या यंत्रावर) शेल म्हणून बॅश असे स्पष्ट लिहिल्यास पाइपफेल आपोआप चालू होतो, पण काहीच लिहिले नाही तर केवळ ‘-ई’ मिळतो. जेनकिन्स या सीआय सर्व्हरमध्ये स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत शेलचा मार्ग दिला नसेल, तर यंत्रावरचा साधा ‘एसएच’ वापरला जातो. म्हणून सेवेच्या पूर्वनिर्धारित वागण्यावर विसंबून न राहता स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचा उल्लेख करावा आणि दुसऱ्या ओळीत हवे ते पर्याय स्वतः लिहावेत.

पाइपफेल लावल्यावर दोन नव्या गोष्टी दिसतील. मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’ला काही सापडले नाही तर तो १ देतो आणि आता तेही अपयश धरले जाईल. तसेच ‘हेड’ने काही ओळी वाचून पाइप बंद केला, तर मागची कमांड सिगपाइप या सिग्नलने मरून १४१ हा कोड येऊ शकतो. अशा जागी अपवाद विचारपूर्वक लिहावा. सरसकट पाइपफेल काढून टाकू नये.

‘सेट -ई’च्या मर्यादाही येथेच सांगतो, कारण त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवला जातो. एखादे फंक्शन ‘इफ’च्या अटीत बोलावले, किंवा त्याच्यापुढे && (यश मिळाल्यासच पुढे) अथवा || (अपयश आल्यासच पुढे) लावले, की त्या फंक्शनच्या आतल्या सर्व ओळींसाठी ‘सेट -ई’ निष्प्रभ होतो. फंक्शनमध्ये ‘लोकल’ म्हणून चल घोषित करतानाच त्याच ओळीत कमांडचे आउटपुट त्यात भरले, तर कमांडचा कोड झाकला जातो आणि ‘लोकल’चा स्वतःचा ० उरतो. घोषणा एका ओळीत आणि भरणे पुढच्या ओळीत लिहिले की ही अडचण राहत नाही.

प्रश्न (अंबड) : आमच्याकडे बारा मॉड्यूल आहेत. पहिल्या नापास मॉड्यूलपाशी स्क्रिप्ट थांबते, त्यामुळे उरलेल्यांची स्थिती कळत नाही. सर्व मॉड्यूल चालवून शेवटी एकत्रित निकाल द्यायचा आहे, आणि शक्य असल्यास ते समांतर चालवायचे आहेत.

उत्तर : प्रत्येक मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये टेस्ट चालवणारी एक स्वतंत्र स्क्रिप्ट ठेवावी आणि मुख्य स्क्रिप्टने ती वेगळी प्रक्रिया म्हणून चालवावी. फंक्शन म्हणून चालवू नये, असे मी आग्रहाने सांगतो, आणि त्याचे कारण वरच्या उत्तरात आहे. नापास झाल्यावरही पुढे जाण्यासाठी तुम्हाला || लावून कोड साठवावा लागेल, आणि तसे केले की फंक्शनमधला ‘सेट -ई’ बंद पडेल. स्वतंत्र प्रक्रियेत चालणाऱ्या स्क्रिप्टचे पर्याय तिचे स्वतःचे असल्याने बाहेरच्या || चा तिच्यावर परिणाम होत नाही. शिवाय तीच स्क्रिप्ट प्रोग्रामर आपल्या लॅपटॉपवर चालवू शकतो, आणि सीआयचे जॉब ठरवणाऱ्या यामल फाइलमध्ये केवळ तिला बोलावणारी ओळ उरते.

समांतर चालवताना प्रत्येक स्क्रिप्ट पार्श्वभूमीत सोडावी, तिचा प्रक्रिया-क्रमांक मॉड्यूलच्या नावासह साठवावा, आणि शेवटी प्रत्येक क्रमांकासाठी स्वतंत्रपणे ‘वेट’ म्हणून त्याचा कोड नोंदवावा. नुसता ‘वेट’ लिहिला तर तो सर्वांची वाट पाहतो, पण कोणीही नापास झाले तरी ० देतो. समांतर स्क्रिप्टमध्ये मला सर्वाधिक वेळा आढळणारा दोष हाच आहे. यंत्राची क्षमता लक्षात घेऊन एका वेळी चारच जॉब चालवायचे असतील, तर बॅश ४.३ पासून उपलब्ध असलेला ‘वेट -एन’ उपयोगी पडतो. मात्र मॅकओएसवर ॲपल अजूनही बॅश ३.२ देते, त्यामुळे चमूत कोणी मॅक वापरत असेल तर ही सोय त्याच्या यंत्रावर चालणार नाही. अशा वेळी यादीतल्या प्रत्येक नोंदीसाठी कमांड समांतर चालवणारा ‘एक्सआर्ग्ज -पी’ हा साधा मार्ग आहे. त्याने चालवलेल्या एखाद्या कमांडने १ ते १२५ मधला कोड दिला, तर जीएनयूचा एक्सआर्ग्ज शेवटी १२३ देतो. अपयश कळते, पण कोणते मॉड्यूल नापास झाले ते त्या कोडवरून कळत नाही.

प्रत्येक मॉड्यूलचे आउटपुट वेगळ्या फाइलमध्ये घ्यावे आणि ते मॉड्यूल संपल्यावर एकत्र छापावे. अन्यथा लिलावाच्या ओळींमध्ये तोलाईच्या ओळी मिसळतील आणि तो लॉग वाचणाऱ्याचा वेळ वाया जाईल.

एकत्रित निकाल देताना सर्व अपयशांना एकच १ लावण्याची सवय असते. ती सोडावी, असे मला वाटते. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे ती सापडली पण चालवता आली नाही, ‘टाइमआउट’ने मुदत संपल्यावर दिलेला कोड १२४, आणि १३७ म्हणजे प्रक्रिया सिगकिल या सक्तीने बंद करणाऱ्या सिग्नलने मारली गेली, ज्यामागे बरेचदा मेमरी संपणे असते. यांपैकी कशाचाही अर्थ ‘कोडमध्ये चूक आहे’ असा होत नाही. टेस्ट पूर्ण झाल्याच नाहीत, एवढाच होतो. शेवटच्या सारांशात ‘नापास’ आणि ‘चालू शकले नाही’ अशा दोन वेगळ्या नोंदी असतील, तर सकाळी ऑफिसात आल्यावर प्रोग्रामरकडे जायचे की रनरकडे, हे लगेच ठरते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे एकही टेस्ट न चालता मिळालेले यश. पायथॉनच्या पायटेस्ट या टेस्ट साधनाला एकही टेस्ट सापडली नाही तर तो ५ हा कोड देतो, हे योग्यच आहे. पण गो भाषेच्या टेस्ट साधनाला पॅकेजमध्ये टेस्ट फाइल नसल्याचे आढळले, तर ते तसे छापते आणि ० देऊन मोकळे होते. फोल्डरचे नाव बदलल्यामुळे टेस्ट गळून पडल्या तरी पाइपलाइन महिनोन्महिने हिरवी राहू शकते. जेयुनिट पद्धतीच्या एक्सएमएल अहवालातला टेस्टचा आकडा वाचून तो शून्य असल्यास जॉब नापास करावा.

प्रश्न (सिन्नर) : केवळ बदललेल्या मॉड्यूलच्याच टेस्ट चालवण्यासाठी ‘गिट डिफ’ (कोडमधले बदल दाखवणारी कमांड) वापरतो. कधी बदल असूनही काहीच चालत नाही, तर कधी चुकीचे मॉड्यूल चालतात.

उत्तर : पहिले कारण बहुधा अपुरा इतिहास हे असेल. सीआय सेवा वेळ वाचवण्यासाठी अर्धवट क्लोन (कोड आणि त्याच्या इतिहासाची प्रत) घेतात. गिटहबची चेकआउट क्रिया तर मुळात एकच कमिट (बदलाची नोंद) आणते. मुख्य ब्रँचशी (कोडच्या मुख्य शाखेशी) समान असलेला पूर्वज त्यात नसेल, तर तुलना होऊच शकत नाही. पुरेसा इतिहास आणून दोन ब्रँचच्या नावांमध्ये तीन टिंबे देऊन होणारी तुलना वापरावी, म्हणजे ब्रँच फुटल्यापासून तुमच्या बाजूने झालेलेच बदल दिसतील. दोन टिंबांनी मुख्य ब्रँचमध्ये इतरांनी केलेले बदलही त्यात मिसळतात. तुमचे ‘चुकीचे मॉड्यूल’ त्यातूनच येत असावेत.

दुसरे कारण आपल्याकडे विशेष लागू पडते. चाचणीच्या नमुना फाइलींची नावे मराठीत असतील, तर गिट ती नावे अवतरणचिन्हांत आणि अंकी संकेतांत छापते, आणि मार्गाची सुरुवात जुळवणारी तुमची अट फसते. ‘-झेड’ हा पर्याय दिल्यास नावे मूळ रूपात, शून्य बाइटने विभागलेली मिळतात.

यादी काढताना काहीही चूक झाली, किंवा सामायिक फोल्डरमध्ये बदल दिसला, तर सर्व मॉड्यूल चालवावेत. रिकामी यादी आणि यादी काढण्यात आलेले अपयश या दोन गोष्टी स्क्रिप्टने कधीही सारख्या मानू नयेत.

प्रश्न (इंदिरानगर) : हिशोबपट्टीच्या तारखांच्या टेस्ट दिवसा पास होतात, पण रात्री दोनच्या नियोजित बिल्डमध्ये नापास होतात. कोड तोच, प्रतिमाही तीच.

उत्तर : रनरचे घड्याळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असल्याने, आपल्याकडे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळात रनरवर आदली तारीख असते. टेस्टने अपेक्षित तारीख एका मार्गाने काढली आणि कोडने दुसऱ्या मार्गाने, तर नेमक्या याच वेळात त्या दोन्ही जुळत नाहीत. १ एप्रिलच्या पहाटे तर आर्थिक वर्षच बदललेले नसते.

जॉबच्या सुरुवातीला ‘टीझेड’ या चलात ‘एशिया/कोलकाता’ ठेवणे हा पहिला उपाय सुचतो. पण अल्पाइनच्या मूळ प्रतिमेत काळपट्ट्यांची माहिती देणारे ‘टीझेडडेटा’ हे पॅकेज नसते, आणि अनोळखी नाव दिल्यास कोणतीही तक्रार न करता यूटीसी वापरले जाते. म्हणून टेस्टपूर्वी ‘डेट’ कमांडने वेळेतला फरक छापून तो +०५३० आहे का, हे स्क्रिप्टनेच तपासावे.

तरीही येथे थांबू नये. तुमचा प्रत्यक्ष सर्व्हरही यूटीसीत चालत असेल, तर टेस्टमध्ये भारतीय वेळ लावल्याने दोष केवळ झाकला जाईल आणि चुकीच्या तारखेची पट्टी शेतकऱ्याच्या हाती पडेल. त्याच टेस्ट एकदा यूटीसी आणि एकदा भारतीय वेळ लावून, अशा दोन जॉबमध्ये चालवाव्यात. दोन्हीकडे त्या पास होईपर्यंत कोडमध्ये काळपट्टी कुठे गृहीत धरली आहे, ते शोधत राहावे.

प्रश्न (सातपूर) : रनर आमच्याच ऑफिसातल्या यंत्रावर आहे. जॉब मधेच रद्द केला की डेटाबेसचे डॉकर कंटेनर (प्रोग्राम इतरांपासून वेगळा ठेवून चालवणारी चौकट) मागे राहतात आणि पुढचा जॉब पोर्ट व्यस्त असल्याचे सांगून पडतो. ‘ट्रॅप’ (सिग्नल आल्यावर सफाई करणारी कमांड) लिहिला आहे, तरी तो चालत नाही.

उत्तर : अग्रभागी एखादी कमांड चालू असताना सिगटर्म (थांबण्याची सूचना देणारा सिग्नल) आला, तर ती कमांड संपेपर्यंत बॅश ट्रॅप चालवत नाही. टेस्ट वीस मिनिटांची असेल, तर रद्द करण्याची मुदत संपून रनर सिगकिल पाठवतो आणि ट्रॅपला संधीच मिळत नाही. टेस्ट पार्श्वभूमीत सुरू करून तिच्यावर ‘वेट’ करावा. ‘वेट’मध्ये असताना सिग्नल आला की तो तत्काळ सुटतो आणि ट्रॅप चालतो. ट्रॅपमध्ये आधी त्या टेस्टच्या प्रक्रियेला सिग्नल द्यावा, नंतर कंटेनर काढावेत, आणि आत शिरतानाच साठवलेला मूळ एक्झिट कोड शेवटी परत द्यावा.

सिगकिल मात्र कोणत्याही ट्रॅपने अडवता येत नाही, आणि वीज गेली तरी परिणाम तोच होतो. म्हणून सफाई जॉबच्या सुरुवातीलाही करावी. कंटेनर आणि तात्पुरते फोल्डर यांच्या नावात जॉबचा क्रमांक घालावा, आणि शक्य तिथे पोर्ट ठरवून न देता डॉकरलाच मोकळा पोर्ट निवडू द्यावा.

प्रश्न (पंचवटी) : स्क्रिप्ट फोल्डरमध्ये दिसते, पण चालवल्यावर ‘फाइल सापडली नाही’ असे उत्तर येते.

उत्तर : ती विंडोजवर लिहिली गेली असावी. पहिल्या ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह राहते आणि त्या चिन्हासकट नाव असलेला शेल सापडत नाही. ‘गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी ओळींचा शेवट ‘एलएफ’ (लिनक्सची पद्धत) ठरवून टाकावा.

प्रश्न (कॉलेज रोड) : हे सर्व पायथॉनमध्ये लिहिणे योग्य ठरणार नाही का?

उत्तर : काही भाग नक्कीच. गूगलच्या शेल लेखनाच्या नियमावलीत शंभर ओळींहून मोठी किंवा गुंतागुंतीच्या नियंत्रणाची स्क्रिप्ट दुसऱ्या भाषेत लिहावी असे म्हटले आहे, आणि ती मर्यादा मला वाजवी वाटते. एक्सएमएल अहवाल वाचणे, मॉड्यूलमधली अवलंबने सोडवणे, टेस्टच्या मागील वेळा पाहून त्यांची यंत्रांवर समान वाटणी करणे ही कामे पायथॉनला द्यावीत. प्रक्रिया सुरू करणे, पर्यावरण-चल ठरवणे, कोड गोळा करणे आणि सफाई यांसाठी शेल पुरेसा आहे, कारण तो प्रत्येक रनरवर आधीच असतो. जेवढा शेल उरेल, त्यावर ‘शेलचेक’ हे साधन पाइपलाइनच्या पहिल्याच जॉबमध्ये चालवावे. ‘लोकल’ने कोड झाकला जाण्याचा वर सांगितलेला दोष ते ओळ क्रमांकासह दाखवते.