वर्गात ओळखीचे कोणीच नसते तेव्हा

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यातला विद्यार्थी आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, पीयूसी (अकरावी-बारावी) खानापुरात केली आणि यंदा बेळगावच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. मी मुळातच अबोल आहे. तास इंग्रजीत होतात आणि मुले आपसात कन्नडमध्ये बोलतात. सुरुवातीलाच सरांनी उभे राहून परिचय द्यायला सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना आणि काही मुले हसली. तेव्हापासून मी शेवटच्या बाकावर बसतो, एकटाच डबा खातो आणि तास संपले की थेट बसस्थानक गाठतो. कोल्हापुरात शिकणारा चुलतभाऊ म्हणतो, ‘इकडेच ये, इथे सगळे मराठी बोलतात.’ मी काय करावे?
— एक विद्यार्थी, खानापूर तालुका

उत्तर : तुमच्या पत्रात दोन अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक स्वभावाची आहे आणि दुसरी भाषेची. त्या वेगळ्या केल्याशिवाय कोल्हापूरचा निर्णय नीट घेता येणार नाही. तिथे भाषेची अडचण बरीच हलकी होईल, हे तुमच्या भावाचे म्हणणे खरे आहे. परंतु विज्ञानाचा अभ्यास तिथेही इंग्रजीतूनच करावा लागतो, आणि अनोळखी वर्गात पहिले वाक्य बोलण्याचा संकोच शंभर किलोमीटर पलीकडेही तुमच्याबरोबर येईल. शिवाय पहिले वर्ष सुरू झाल्यावर राज्य आणि विद्यापीठ दोन्ही बदलायचे म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रतेची कागदपत्रे, वेगळा अभ्यासक्रम आणि कदाचित एक वर्ष वाया, हे सारे ओघाने आलेच. पदवीनंतर एखाद्या विषयासाठी शिवाजी विद्यापीठात जावेसे वाटले तर अवश्य जा. केवळ बोलता येत नाही म्हणून आत्ता जाऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता भाषेविषयी. तुमच्या वर्गात कन्नडमध्ये मोकळेपणाने बोलणारी मुले गोकाक, बैलहोंगल, सौंदत्ती अशा भागांतून आली असतील, तर त्यांतील बरीच कन्नड माध्यमातून शिकलेली असणार, आणि इंग्रजीतून शिकवलेले भौतिकशास्त्र त्यांनाही तुमच्याइतकेच जड जात असणार. ती आपसात हसतखेळत बोलतात म्हणून ती निर्धास्त आहेत असे तुम्हाला वाटते, इतकेच. ‘सरांनी शेवटची पायरी कशी काढली, कळले का?’ हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणालाही विचारून पाहा. उत्तर बहुधा ‘मलाही नाही कळले’ असेच येईल आणि तिथून पुढे बोलणे आपोआप सुरू होईल. सीमाभागातल्या आपल्या मुलांच्या मनात कन्नड बोलण्याविषयी एक अवघडलेपण असते, त्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो मला परका नाही. पण शेजारच्या बाकावरील मुलाशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलल्याने आपली मराठी कुठेही उणी पडत नाही. तुम्ही शाळेत कन्नड शिकला आहात, ते पुस्तकी असले तरी पाया आहे. चुका होतील, त्या होऊ द्या.

स्वभावाच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला ‘बोलके व्हा’ असा सल्ला देणार नाही, कारण तो आजवर कोणा अबोल माणसाच्या उपयोगी पडल्याचे मी पाहिलेले नाही. अबोल माणसाला घोळक्यात शिरून विषय काढणे अवघड जाते. परंतु हातात काम असले आणि समोर तीच ती माणसे वारंवार येत असली की त्यालाही बोलणे जमते. अशी जागा तुमच्या वेळापत्रकात आहे, ती म्हणजे प्रॅक्टिकल. बॅच सहसा हजेरी क्रमांकाने पडते, त्यामुळे जोडीदार शोधत फिरावे लागत नाही. व्हर्निअर कॅलिपरने एखाद्या नळकांड्याचा व्यास मोजताना एकाने मुख्य मापपट्टी वाचायची, व्हर्निअरची कोणती रेघ तंतोतंत जुळते ते पाहायचे आणि दुसऱ्याने आकडा लिहून घ्यायचा. मग कामांची अदलाबदल करायची आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत की पुन्हा मोजायचे. ‘एष्टु बंतु?’ (किती आले?) एवढे कन्नडमध्ये विचारले तरी संभाषण होते, आणि त्याला विषय शोधावा लागत नाही. जर्नल पूर्ण करायलाही त्याच मुलाबरोबर वाचनालयात अर्धा तास बसा. तेवढ्यासाठी एक बस सोडावी लागली तर सोडा. पासधारक विद्यार्थ्याला पुढची बसही चालते. त्याच बसने रोज येणारी खानापूरकडची मुलेही असतीलच, आणि त्यांच्याशी तर मराठीतच बोलायचे आहे.

हसणाऱ्या मुलांचा प्रसंग तुमच्या मनात ताजा आहे, पण त्यांच्या तो बहुधा लक्षातही नसेल. नव्याने ओळख झालेल्या माणसांच्या संभाषणांवर 2018 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. बोलणे संपल्यावर ‘समोरच्याला आपण कितपत आवडलो’ याचा लोक जो अंदाज करतात, तो प्रत्यक्षाहून कमी असतो, असे त्यात आढळले. वसतिगृहात नव्याने एकत्र राहायला आलेल्या विद्यार्थ्यांमध्येही हा चुकीचा अंदाज कित्येक महिने टिकला होता. म्हणजे ‘मी त्यांना कंटाळवाणा वाटलो असेन’ हा तुमचा निष्कर्ष मुळात विश्वासार्ह नाही. शेवटचा बाक मात्र सोडा. मधल्या रांगेत, भिंतीकडेला बसा. तिथून फळाही दिसतो आणि शेजारीही मिळतो. शंका वर्गात विचारवत नसेल तर ती वहीत लिहून तास संपल्यावर सरांना दाखवा.

यापलीकडची एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. महाविद्यालयाच्या नुसत्या विचाराने छातीत धडधड होत असेल, झोप उडाली असेल, किंवा कोणी हाक मारील या भीतीने तास बुडू लागले असतील, तर तो केवळ लाजाळूपणा राहत नाही. ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची शासकीय दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर मराठीत किंवा कन्नडमध्ये विनामूल्य बोलता येते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. आणि ते हसणे पुढे छळापर्यंत गेले, तर तो रॅगिंगचाच प्रकार आहे. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे नियम आहेत आणि तक्रार 1800-180-5522 वर करता येते.

प्रश्न : मुलगी धारवाडला वसतिगृहात राहून पहिल्या वर्षात शिकते. ती फार लाजाळू आहे. रोज रात्री फोनवर रडवेली होते. दर शनिवारी तिला घरी आणावे का?
— एक आई, निपाणी

उत्तर : ताई, पहिले काही आठवडे आणलेत तर काही बिघडत नाही, पण ती दर आठवड्याची सवय होऊ देऊ नका. वसतिगृहातील ओळखी रविवारीच वाढतात; कपडे धुताना, एकत्र नाश्ता करताना, बाजारात जाताना. दर रविवारी जिची खोली बंद असते, तिला बोलावण्याचे इतर मुलीही हळूहळू सोडून देतात. फोनवर ‘मैत्रिणी झाल्या का?’ असे रोज विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असले की तिला तो स्वतःचा दोष वाटतो. आज काय शिकवले, मेसमध्ये भाजी कोणती होती, खोलीतली दुसरी मुलगी कुठल्या गावची, असे विचारा. ती घरी येईल तेव्हा परतताना डब्यात खोलीतल्या मुलींनाही पुरतील इतके लाडू द्या, आणि परीक्षेआधीचे रविवार तिला तिथेच राहू द्या, म्हणजे तिला त्यांच्याबरोबर अभ्यासाला बसता येईल.