विंडोज ७ चा जुना कॉम्प्युटर फास्ट करायला कोणतं छोटं सॉफ्टवेअर टाकू, की भंगारात देऊ?

तुमच्या दुकानात २०१० चा डेस्कटॉप आहे, विंडोज ७, रॅम २ जीबी. बिलं काढायची आणि थोडं इंटरनेट बघायचं, एवढंच काम. एखादं लहानसं सॉफ्टवेअर टाकून तो पळेल का, असं तुम्ही विचारलंय, आणि मित्र भंगारात द्यायला सांगतात असंही लिहिलंय. ते शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तराच्या भानगडीत पडलो नसतो. मी जळगाव जिल्ह्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो आणि या भंगारावरून माझं आणि माझ्या मेहुण्याचं वाजून बरीच वर्षं झाली. अजून मिटलेलं नाही.

आधी सरळ उत्तर. टाकलं की फास्ट होईल असं सॉफ्टवेअर नसतं. 'बूस्टर', 'ऑप्टिमायझर', 'रजिस्ट्री क्लीनर' या नावाचं जे दिसेल ते टाकू नका, टाकलं असेल तर काढा. रॅम बूस्टर करतो काय? चालू असलेल्या प्रोग्रॅम्सची मेमरी विंडोजकडून जबरदस्तीनं हार्डडिस्कवर ढकलायला लावतो. हिरवी पट्टी वाढते, 'इतके एमबी मोकळे' असं लिहून येतं, आपण खूश. नंतर बिलाची खिडकी उघडायला गेलात की तीच मेमरी डिस्कवरून परत आणावी लागते, आणि मशीन होतं त्याहून हळू. १९९५ साली अमेरिकेत सॉफ्टरॅम ९५ नावाचं पाकीट निघालं होतं, रॅम दुप्पट करतो म्हणून. लाखो प्रती खपल्या. जाणकारांनी उघडून बघितलं तर विंडोज ९५ वर ते दुप्पट-बिप्पट काहीच करत नव्हतं. तिकडच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी खात्यानं, कंपनीला धरलं. ते उघडून बघणाऱ्यांत मार्क रुसिनोविच होता. त्याचंच एक छोटं सॉफ्टवेअर मी तुम्हाला पुढं सांगणार आहे.

आता मेहुण्याचं. हे ऐकल्याशिवाय मी का चिडतो ते कळायचं नाही.

२००६ ची दिवाळी होऊन गेली होती. जामनेर तालुक्यातल्या एका जिनिंगच्या (कपाशीतून रुई काढायचा कारखाना) भुईकाट्यावरचा, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावरचा, कॉम्प्युटर गेला. कपाशीचा सीझन ऐन भरात, गेटपासून डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. जुना पेंटियम होता, पॉवर सप्लायच्या पंख्यात रुईचा असा बोळा बसला होता की पंखा फिरायचाच बंद झाला होता. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले. त्यात जीव राहिला नव्हता. काट्याचा इंडिकेटर मात्र शाबूत, वजन दाखवत होता. ते बघून मुनीम हातानं पावत्या फाडत होता. पण हातानं लिहिलेल्या पावतीवर शेतकरी विश्वास ठेवत नाही, आणि का ठेवावा? भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि वजाबाकी, हे छापून आलं की त्याला बरं वाटतं. प्रत्येक गाडीवर वाद, रांग हलेना.

मी दुकानातलं एक पेंटियम फोर नेलं. विंडोज ९८ टाकलं, जुन्या हार्डडिस्कवरून काट्याचा प्रोग्रॅम उचलला (डिस्क वाचली होती, ते नशीब), इंडिकेटरची वायर कॉम १ ला, म्हणजे मागच्या सिरियल पोर्टला लावली, डॉट मॅट्रिक्स जोडला. प्रोग्रॅम चालू केला आणि पडद्यावर एक ओळ आली: रनटाइम एरर २००. परत केला, परत तीच ओळ.

शेठना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. आप्पा खुर्ची घेऊन मागंच बसले. "काबरं भो, मशीन तर नवं आणलं नं? मंग काबरं नाही चालू राह्यलं?"

प्रोग्रॅम डॉसवरचा, विंडोजच्या आधीच्या काळातला, आणि ज्यानं लिहिला होता तो माणूस केव्हाच परदेशी निघून गेलेला. काट्याच्या दुरुस्तीवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, इंडिकेटरही नवा घ्या, सॉफ्टवेअरही नवं घ्या, कोटेशन पाठवतो, आमचा माणूस पुढच्या आठवड्यात. मग मी मेहुण्याला फोन लावला. तो तेव्हा नुकताच पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला होता आणि मला वाटलं घरचा इंजिनिअर आहे, विचारू. तो हसला. "दाजी, डॉसचं भंगार कशाला उकरता? सांगा त्यांना फेकून द्यायला. मी व्हीबीत नवीन लिहून देतो, पंधरा दिवसांत." रस्त्यावर गाड्या उभ्या आणि हा पंधरा दिवस मागतो.

सायबर कॅफेत जाऊन एररचा आकडा शोधला. तिथं जे सापडलं ते मला आजही तोंडपाठ आहे. टर्बो पास्कल या डॉसच्या काळातल्या भाषेत लिहिलेले बरेच प्रोग्रॅम सुरू होताना आधी मशीनचा वेग मोजतात. घड्याळाचा एक ठोका, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंद, तेवढ्यात रिकामी चक्रं किती होतात ते मोजायचं आणि त्या आकड्याला ५५ नं भागायचं. उत्तर १६ बिटांत मावलं पाहिजे, ६५,५३५ च्या वर गेलं की संपलं. ज्या काळात हे लिहिलं त्या काळात एवढ्या वेगाचं मशीन कुणाच्या टेबलावर नव्हतं. पेंटियम टूच्या आसपास उत्तर मावेनासं झालं. प्रोसेसर भागाकार सोडून देतो आणि प्रोग्रॅम बोंब मारतो की शून्यानं भागाकार झाला. शून्य कुठंच नाही. मशीन फार फास्ट आहे, एवढीच तक्रार.

तुम्ही मशीन हळू आहे म्हणून रडताय, आणि माझ्या इथं फास्ट आहे म्हणून काम अडलं होतं.

यावर इलाज म्हणून कुणीतरी एक चिमुकला पॅच फुकट ठेवला होता. काही किलोबाइटचा. प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये तो भागाकाराचा तुकडा शोधतो, त्या जागी दुरुस्त तुकडा बसवतो, बाकी कशाला हात लावत नाही. फ्लॉपीत घेतला, जिनिंगवर आलो, आधी मूळ फाइलची कॉपी वेगळ्या नावानं ठेवली, पॅच चालवला. पडद्यावर निळा मेनू आला, वजनाचा आकडा आला, प्रिंटर करकरायला लागला. आप्पांनी पहिली पावती उलटसुलट करून बघितली, आणि मुनीमाला म्हणाले, "याले चहा पाज." पैशांचं त्यांनी नंतर बघितलं, आणि बरं बघितलं.

तो प्रोग्रॅम त्यानंतर दहा वर्षांहून जास्त चालला. पुढं आप्पांच्या मुलानं कॅमेरावाला नवा काटा बसवला तेव्हा थांबला, आणि तेही बरोबरच झालं, काटाच जुना झाला होता. पण मधल्या सगळ्या सीझनच्या पावत्या त्या 'भंगारा'तून निघाल्या.

मेहुण्याला हे पचलेलं नाही. दर हिवाळ्यात सासुरवाडीच्या मळ्यात भरीत पार्टी होते, बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांवर भाजलेली, आणि जेवण व्हायच्या आत विषय निघतोच. त्याचं म्हणणं, असे जुगाड करून तुम्ही लोकांना जुन्यातच अडकवून ठेवता. माझं म्हणणं, आधी अडलंय कुठं ते बघ. सगळं मशीन कधीच अडत नाही, एक जागा अडते. त्या एका जागेपुरतं सॉफ्टवेअर म्हणजे युटिलिटी. 'सगळं सुधारतो' म्हणणारं म्हणजे फसवणूक. तो सगळ्यावर एकच औषध सांगतो: विंडोज काढून लिनक्स ही फुकट सिस्टम टाका. लिनक्सशी माझं वैर नाही, मी स्वतः दोन-चार जणांना टाकून दिलंय. पण दुकानदाराचं बिलाचं सॉफ्टवेअर विंडोजवरचं, प्रिंटरचा ड्रायव्हर विंडोजवरचा, आणि बिघडलं तर फोन मला येणार, पुण्याला नाही.

आणखी एक. विंडोज ९५-९८ च्या काळात आम्ही उन्हाळ्यात गिऱ्हाइकांच्या मशीनवर सीपीयू-आयडल किंवा त्यासारखा एखादा बारका प्रोग्रॅम टाकायचो. मेहुणा त्याला 'मनाचं समाधान' म्हणायचा. समाधान कसलं? त्या विंडोज रिकाम्या वेळातही प्रोसेसरला फिरवत ठेवायच्या. प्रोसेसरला 'थांब' सांगणारी सूचना असते, ती बहुतेक मशीनवर त्या देतच नव्हत्या. हा प्रोग्रॅम ती द्यायचा, बस. काम नसलं की प्रोसेसर थंड. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो, दुकानावर पत्रा, एसी कुणाकडं? ज्याच्याकडं मशीन दुपारी आपोआप बंद पडायचं ते यानं संध्याकाळपर्यंत टिकायचं. विंडोज २००० आणि एक्सपीपासून ती सूचना विंडोज स्वतःच देते, म्हणून आज असलं काही टाकायची गरज नाही. तुम्हाला कुणी 'कूलर सॉफ्टवेअर' विकत असेल तर घेऊ नका. झाकण उघडून धूळ काढा आणि प्रोसेसरवर नवी पेस्ट लावून घ्या.

आता तुमचं मशीन. सगळ्यात आधी क्रिस्टलडिस्कइन्फो टाका आणि हार्डडिस्कची तब्येत बघा. पिवळा रंग आला, 'पेंडिंग सेक्टर' किंवा 'रीॲलोकेटेड सेक्टर' (म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा) यासमोर शून्याशिवाय काही दिसलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि बिलांचा डेटा पेन ड्राइव्हवर घ्या. हळू मशीनचं कारण माझ्याकडं बहुतेक वेळा हेच निघतं. डिस्क एकेक जागा परत परत वाचत बसते आणि माणूस विंडोजला शिव्या देतो.

डिस्क चांगली असेल तर ऑटोरन्स. हेच ते रुसिनोविचचं, सिसइंटर्नल्समधलं. ती कंपनी २००६ साली मायक्रोसॉफ्टनं घेतली, ऑटोरन्स फुकटच राहिलं. मशीन चालू होताना काय काय गुपचूप सुरू होतं ते यात दिसतं. प्रिंटरचा अपडेटर, मोबाइलचं सिंक, कधीतरी टाकलेलं टूलबार, सगळ्यांची खूण काढा. खूणच काढायची, डिलीट करायचं नाही, म्हणजे काही अडलं तर परत लावता येते. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय आहे, ती आधी चालू करा, नाहीतर नको त्याला हात लागेल.

जागा कशानं भरली ते विनडिरस्टॅट चित्र काढून दाखवतं. पीडीएफला सुमात्रा, फोटोला इरफानव्ह्यू, झिपला सेव्हन-झिप. ही सगळी वर्षानुवर्षं हलकी राहिलेली आहेत. अवजड पीडीएफ रीडर काढून सुमात्रा टाकलं तरी फरक जाणवेल.

सीसीक्लीनरचं कुणीतरी सुचवेलच. पूर्वी मीही टाकायचो, तात्पुरत्या फाइली काढायला ठीक होतं. पण २०१७ मध्ये त्याच्या अधिकृत ५.३३ आवृत्तीतच व्हायरस घुसला होता. सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर ती गेली, आणि लागण ३२ बिटवाल्या प्रतीत होती, म्हणजे जुन्या मशीनवाल्यांच्याच वाट्याला आली. तेवढं काम विंडोजचं स्वतःचं डिस्क क्लीनअप करतं.

आणि खरं सांगू, २ जीबीला सॉफ्टवेअर पुरणार नाही. जुनी रॅम जळगावात गोलाणी मार्केटमध्ये मिळून जाते, बोर्डला चालते ती बघून आणखी २ जीबी टाका, आणि जमलं तर हार्डडिस्क काढून साटा एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. एवढं केलं की बिलाचं मशीन आणखी काही वर्षं ओढेल. मेहुणा हे वाचणार आहे, कारण बायको त्याला पाठवणार आहे, तर त्याच्यासाठी: एसएसडी टाकल्यावर लिनक्स न टाकताही मशीन पळतं.

एक गोष्ट मात्र त्याची बरोबर आहे, ती इथं लिहितो. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला बंद झाली, आणि क्रोमची त्यावरची शेवटची आवृत्ती १०९. त्यामुळं या मशीनवर बँक, जीएसटी पोर्टल, पैशांचं काहीही उघडू नका, ते मोबाइलवर किंवा दुसऱ्या मशीनवर. इथं बिलंच काढा, जमलं तर नेटची वायरच काढून ठेवा. वरची सॉफ्टवेअरंसुद्धा दुसऱ्या मशीनवर त्यांच्या स्वतःच्या साइटवरून उतरवा आणि पेन ड्राइव्हनं आणा. गुगलमध्ये वर येणाऱ्या हिरव्या 'डाउनलोड' बटणांच्या साइटवरून नको, तिथं सुमात्राबरोबर आणखी चार पाहुणे येतात. काहींच्या ताज्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत, तेव्हा जुनी आवृत्ती घ्या.

तुमचं बिलाचं सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं असेल, काळ्या किंवा निळ्या पडद्याचं, तर मशीन बदलायच्या आधी थांबा. १६ बिटांचे प्रोग्रॅम ६४ बिटांच्या विंडोजवर सरळ चालत नाहीत, आणि विंडोज ११ तर ३२ बिटांत मिळतच नाही. मग डॉसबॉक्स, म्हणजे नव्या विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर लागतं, छपाई हवी असेल तर डॉसबॉक्स-एक्स. तेव्हा सॉफ्टवेअरचं नाव आणि पडद्यावर येणारी एररची ओळ जशीच्या तशी लिहून पाठवा. 'चालत नाही' एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.