चित्र काढता येत नाही, तरी चित्रवहीनं मन हलकं होतं का?

होतं. चित्र चांगलं येण्याशी त्याचा संबंधच नाही. 2016 साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या एका अभ्यासात 39 जणांना रंग, माती, कागद देऊन 45 मिनिटं बसवलं. जवळपास 75 टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. आधी कधी ब्रश धरला होता की नाही, यानं फरक पडला नाही.

माझं सांगतो. यवतमाळकडे आमचं वावर. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली, तेव्हा मी घरात सगळ्यांवर खेकसायचो. एका रात्री पोरीची अर्धी उरलेली वही आणि चुलीतला कोळसा घेतला, पानभर नुसतं गिरगटलं. कागद दोन ठिकाणी फाटला. चौथ्या दिवशी त्या काळ्यातून बोंड निघालं, भोक पडलेलं. खाली आपसूक लिहिलं गेलं, "बाबाले काय सांगू?" राग नव्हताच तो, लाज होती. वही पाहूनच कळलं.

रंग विकत आणू नका. हळद, गेरू, पळसाची फुलं उकळलेलं केशरी पाणी, सगळं चालतं. तारीख टाका. कुणाला दाखवायची नाही. भरल्या घरात वही लपवणं हेच खरं अवघड, मी धान्याच्या कोठीमागं ठेवतो.

मात्र झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर वहीवर भागवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.